इंक टँक प्रिंटर, तीन वर्षं आणि तुटक्या शिरोरेघा

तीन वर्षं वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे डबा कसा होता, सेटअप किती मिनिटांत झाला, असलं यात काही नाही. ते सगळं पहिल्या आठवड्याचं कौतुक असतं. प्रिंटर खरा कळतो तो पहिल्या मे महिन्यानंतर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण यातल्या निम्म्या चुका आमच्याच घरातल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या कुठल्याही इंकजेटला होतात. जून २०२२ ला घेतला, प्रिंट-स्कॅन-झेरॉक्स तिन्ही करणारा, चार बाटल्यांची शाई टाकीत ओतायची असला इंक टँक, १२,८०० रुपये.

मी चिपळूणला घरीच क्लास घेते, स्कॉलरशिपची पोरं असतात जास्त करून. दर आठवड्याला सराव पेपर काढायचे, महिन्याला पाचशेच्या आसपास पानं होतात, जून ते मार्च, मग एप्रिलमध्ये कमी आणि मेमध्ये शून्य. हे शून्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं रामायण आहे.

पहिलं वर्ष एकदम मस्त गेलं. काळी शाई गडद, स्पीड ठीकठाक, वायफायवरून मोबाईलमधूनच प्रिंट. शेजारच्या दोघी-तिघींना मीच घ्यायला लावला. आणि मग २०२३ च्या मेमध्ये मी पाच आठवडे माहेरी मिरजेला जाऊन आले, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पेपर काढला आणि बघते तर काय, अक्षरांना शिरोरेघाच नाहीत. म्हणजे काही ओळींना होत्या, काहींना अर्ध्या, आणि काही ओळी चक्क गुजराती दिसत होत्या. मला आधी वाटलं फॉन्ट बिघडला. लॅपटॉप बंद करून चालू केला, फाईल पीडीएफ करून पाहिली, तेच. गणिताच्या पेपरात करड्या रंगाने भरलेल्या आकृत्या होत्या, किती चौकोन आहेत ते मोजा म्हणून, त्यांच्यातून बारीक पांढऱ्या आडव्या रेघा गेलेल्या, उत्तर होतं नऊ आणि अर्ध्या पोरांनी बारा-तेरा मोजले. आणि पोरांचं चुकलं असं म्हणता येईना, कारण कागदावर खरंच तेवढे दिसत होते!

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले ती आधी सांगते, कारण ती मला मॅन्युअलमध्ये सापडली नाही आणि इंग्रजी व्हिडिओवाल्यांना सुचणारही नाही. आपली लिपी प्रिंटर तपासायला फार भारी आहे. प्रिंटरचं हेड डावी-उजवीकडे फिरतं आणि त्याच्या खाली शेकडो बारीक भोकं असतात, नोझल म्हणतात त्यांना, प्रत्येक नोझल त्या फेरीत आपापली एक आडवी रेघ सांभाळतं. एखादं नोझल बुजलं की पानावर आडवी पांढरी रेघ राहते आणि ती नेमकी शिरोरेघेवर आली की शिरोरेघ गायब. म्हणजे आडवं काही तुटत असेल तर नोझल बुजलंय. आणि उलट, शिरोरेघ अखंड आहे पण काना, वेलांटीचा दांडा, पानाच्या चौकटीच्या उभ्या रेषा या दुहेरी किंवा करवतीसारख्या दिसतायत तर नोझलला काही झालेलं नाही, हेड जाताना आणि येताना मारलेले ठिपके एकमेकांवर बसत नाहीयेत, त्याला अलाइनमेंट करायचं असतं. हे दोन आजार वेगळे, औषधं वेगळी. लोक दोन्हीला हेड क्लिनिंग मारत बसतात. मी पण मारत बसले होते.

तर त्या जूनमध्ये मी काय केलं, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हेड क्लिनिंगचं बटण असतं ते दाबलं. थोडं सुधारलं. परत दाबलं. अजून थोडं. मग तिसऱ्यांदा दाबलं तर आधीपेक्षा वाईट. मग मला चेवच चढला, दुपारभर नऊ वेळा दाबलं असेल, आणि संध्याकाळी बघते तर टाकीतली शाई बोटभर खाली गेलेली आणि काळा रंग जवळजवळ बंद. म्हणजे जो पेपर वाचता तरी येत होता तो आता कोराच येत होता.

हेड क्लिनिंग म्हणजे ब्रश फिरवून साफ करत नाहीत हो, मला तसंच वाटायचं. उजवीकडे कोपऱ्यात जिथे हेड जाऊन बसतं तिथे रबराची एक चौकोनी वाटी असते, टोपी म्हणा, ती हेडला खालून घट्ट चिकटते आणि खालचा छोटा पंप नोझलमधून शाई खेचून घेतो, त्या ओढीबरोबर सुकलेली शाई निघून यावी अशी कल्पना. आणि ती खेचलेली शाई जाते कुठे, तर प्रिंटरच्या पोटात एक स्पंजसारखं पॅड असतं त्यात. ती परत टाकीत येत नाही. ते पॅड भरत आलं की एक दिवस दोन्ही लाईट लुकलुकतात आणि सर्व्हिस करा म्हणतो, प्रिंटिंग बंद. नवीन मॉडेलांपैकी काहींत हे पॅड छोट्या डब्यासारखं बाहेरून बदलता येतं, घेताना नक्की विचारा, मी विचारलं नव्हतं.

म्हणजे नऊ वेळा क्लिनिंग म्हणजे नऊ वेळा आपल्याच पैशाची शाई गटारात. खरी पद्धत अशी आहे की आधी नोझल चेक काढायचं, त्यात चारही रंगांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा येतात, जिथे तुकडा गळलाय तिथे ते नोझल बंद. मग एकदा क्लिनिंग, परत नोझल चेक, आधीच्या कागदाशेजारी ठेवून बघायचं गळलेले तुकडे कमी झाले का. दोन-तीन वेळांत नाही सुधारलं तर थांबायचं. नुसतं थांबायचं, निदान बारा तास, रात्रभर. तेवढ्या वेळात सुकलेली शाई ओल्या शाईने मऊ पडते आणि नळीत शिरलेले हवेचे बुडबुडेही सरकतात. लागोपाठ खेचत राहिलं की कधीकधी उलट हवाच आत ओढली जाते आणि चांगली चाललेली नोझलही बंद पडतात, माझं तिसऱ्या वेळेनंतर तेच झालं असणार. थांबूनही नाही झालं तर काही कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये एक जोरदार क्लिनिंग असतं, सगळ्या नळ्यांमधली शाई बदलणारं, पण ते टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या असल्याशिवाय करायचं नाही, नाहीतर शाईऐवजी हवा खेचली जाते. आणि ते पॅड भराभर भरतं. म्हणून ते शेवटचं हत्यार.

मी थांबले. सकाळी खरंच थोडं बरं झालं, पण पूर्ण नाही.

मग कंपनीच्या सर्व्हिसला फोन. वॉरंटी एक वर्षाची, किंवा ठराविक पानं, जे आधी होईल ते, आणि माझं वर्ष संपून बरोब्बर अकरा दिवस झालेले (याला नशीब म्हणतात). रत्नागिरीहून माणूस आला, पाचशे रुपये नुसते येण्याचे. त्याने नोझल चेक काढलं, कागद उजेडात धरला, आणि म्हणाला हेड गेलंय मॅडम, सहा हजार दोनशे प्लस लेबर. प्रिंटर बाराचा आणि हेड सहाचं! मी विचारलं साफ करून नाही का होणार, तर म्हणाला आम्हाला साफ करायची परवानगी नाही, बदलायचंच. त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्याला दिवसाला पाच कॉल करायचे असतात. पण पाच मिनिटांत निदान करून हातात कोटेशन, हे मला नाही पटलं. सर्व्हिसला माझ्याकडून दीड स्टार, तो पण माणूस वेळेवर आला म्हणून.

मग मैत्रिणीने मार्केटमधल्या एका पोराचं सांगितलं, मोबाईल-प्रिंटर सगळंच करतो. तो आला, खाली बसला, आणि हेडकडे बघितलंच नाही. आधी प्लग काढून हेड हाताने अलगद डावीकडे सरकवलं आणि मोबाईलचा टॉर्च त्या रबराच्या टोपीवर मारला. म्हणाला ताई, हे बघा. टोपीच्या कडेवर सुकलेल्या शाईचं जाड किटण आणि त्यात अडकलेला एक केस. माझाच असणार, लांब होता. आता टोपीची कड एका बाजूला जरी उचललेली राहिली तरी पंप शाई न खेचता बाहेरची हवा खेचतो, रिकाम्या ग्लासात स्ट्रॉ ओढल्यासारखं. म्हणजे मी नऊ वेळा बटण दाबलं त्यातल्या निम्म्या वेळा नोझल साफ होतच नव्हती. वर टोपी नीट बसत नाही म्हटल्यावर प्रिंटर नुसता पडून असताना हेडही उघडंच राहत होतं, ते पाच आठवड्यांत सुकणारच.

त्याने कापसाचे इअरबड घेतले, डिस्टिल्ड वॉटरने टोपीची कड पुसली, केस काढला. साध्या नळाच्या पाण्याने करू नका म्हणाला, क्षार राहतात, बॅटरीत टाकायचं पाणी चालेल. मग टोपीतल्या स्पंजवर हेड क्लिनिंग लिक्विडचे चार-पाच थेंब टाकले, हेड परत त्यावर नेऊन बसवलं आणि म्हणाला आता उद्या सकाळपर्यंत हात लावू नका. सकाळी एक क्लिनिंग, एक नोझल चेक. काळ्यातले दोनच तुकडे गळलेले राहिले, ते पण आठवडाभराच्या छपाईत आपोआप आले. सातशे रुपये घेतले त्याने. मी चहाबरोबर घावनेही केली.

एक सांगते, यूट्यूबवर हेड बाहेर काढून गरम पाण्यात बुडवणारे, सिरिंजने जोरात पाणी मारणारे व्हिडिओ आहेत ते घरी करू नका. सिरिंजचा दाब जास्त झाला की आतलं सील फुटतं आणि पाणी हेडच्या सर्किटवर गेलं की मग खरंच सहा हजार. टोपी साफ करणं आणि रात्रभर थेंबांवर ठेवणं इथपर्यंतच आपली मजल.

पण हेड का सुकलं, याचं अर्धं उत्तर केस होता आणि उरलेलं अर्धं आमचे अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे, एसटी डेपोत मेकॅनिक होते, रिटायर झाले तरी रात्री झोपायच्या आधी घरातली सगळी बोर्डवरची बटणं बंद करत फिरतात. टीव्ही, वायफाय, मिक्सर, सगळं. आमच्याकडे पावसाळ्यात विजा काय पडतात ते कोकणात राहिलात तरच कळेल, दरवर्षी कोणाचा ना कोणाचा टीव्ही जातोच, त्यामुळे त्यांचं चूक म्हणता येत नाही. पण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की तो आधी दोन-चार सेकंद घुर्रघुर्र करतो, हेड नेऊन टोपीवर बसवतो आणि मग झोपतो. छपाई चालू असताना किंवा तो आपलं काहीतरी करत असताना डायरेक्ट बोर्डचं बटण मारलं तर हेड जिथे असेल तिथेच उघडं पडतं. रात्रभर उघडं. लाईट गेली तरी तेच, त्यामुळे छपाई चालू असताना लाईट गेली तर आल्याबरोबर आधी प्रिंटर चालू करा म्हणजे हेड घरी जाईल.

मी अण्णांना हे समजावलं तर म्हणाले, "अगं मग आधी नाही का सांगायचं, गाडी कोणी गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करतं का!" तेव्हापासून आधी प्रिंटरचं बटण, दहा आकडे मोजायचे, मग बोर्ड. ते मोठ्याने मोजतात.

अण्णांचा दुसरा पराक्रम पण सांगायलाच हवा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांना वाटलं प्रिंटर फार खडखडतो म्हणून त्यांनी झाकण उघडून हेड ज्या दांड्यावर फिरतं त्याला शिलाई मशीनचं तेल घातलं. प्रेमाने घातलं. दांड्याच्या मागे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणून बसवलेली असते, जवळून बघितलं तर तिच्यावर डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक उभ्या रेघा असतात, त्या मोजत मोजत हेडला कळतं आपण पानावर कुठे आहोत. तेल उडून तिच्यावर गेलं. मग काय, हेड मध्येच भलतीकडे छापायला लागलं, ओळीचा अर्धा भाग दोन मिलिमीटर बाजूला, हेड कडेला जाऊन धडकायचं, एरर. अलाइनमेंट करून काही होईना. शेवटी फोनवर त्याच पोराला विचारलं, त्याने सांगितलं पट्टी न ओढता, न वाकवता, ओलसर मऊ कापडाने हळू पुसा, मग कोरड्याने, आणि चष्म्याच्या डब्यात येतो तो कपडा वापरा. तीनदा पुसल्यावर सुटलं. पट्टी हुकातून निसटली तर परत बसवणं जिकिरीचं आहे, तेव्हा सांभाळून.

आता पावसाळा. जुलैत आमच्याकडे पापड नरम, मीठ ओलं, तर कागद कोरडा कसा राहील. प्रिंटरच्या मागच्या ट्रेमध्ये रात्रभर ठेवलेला कागद सकाळी कडेने लाटांसारखा झालेला असतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, वर आलेली कड हेडला घासते आणि पानाच्या कडेला काळा फरकाटा. शिवाय ओलसर कागदावर शाई पसरते, अक्षर लोकर फुटल्यासारखं दिसतं. यात प्रिंटरचा काही दोष नाही, सेटिंग कितीही बदला. मी आता ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवते आणि रीम रिकाम्या स्टीलच्या पिंपात, तांदूळ ठेवायचो त्यात, झाकण घट्ट. ७० जीएसएमचा (म्हणजे वजनाने हलका, पातळ) स्वस्त कागद आणते कधीकधी, पण पाठपोट छापायचं असेल तर ७५ च्या खाली नको, मागची अक्षरं पुढे दिसतात आणि पोरं म्हणतात बाई हा प्रश्न उलटा आलाय.

आणि हो, मागच्या ट्रेमध्ये काय काय पडतं! खोडरबरचे तुकडे, टिकली, एकदा पेन्सिलीचं टोपण. पान तिरपं जात असेल तर आधी प्रिंटर उलटा न करता टॉर्च मारून बघा. उलटा तर कधीच करू नका, टाकीत शाई असते. घर बदलताना किंवा दुकानात नेताना पण आडवा-उभा कलंडवायचा नाही. काही जुन्या मॉडेलांना बाजूला वाहतुकीसाठी एक लॉक असतो, तो फिरवून न्यायचा आणि घरी आल्यावर परत उघडायचा. माझ्या नणंदेने लॉक उघडलाच नव्हता, चार पानं छान आली आणि मग सगळे रंग बंद, शाई खाली येईल कशी.

वरच्या फीडरमध्ये कागद घालून झेरॉक्स काढताना उभी काळी रेघ येते अशी तक्रार शेजारच्या काकूंची होती, हेड क्लिनिंग करून करून त्या थकल्या. मी विचारलं मोबाईलवरून प्रिंट काढली तर येते का रेघ? नाही म्हणाल्या. मग प्रिंटरचा काय संबंध, फीडरमधला कागद ज्या अरुंद काचेवरून सरकतो ती बघा. काचेवर व्हाइटनरचा ठिपका होता. झेरॉक्समध्ये येतं आणि प्रिंटमध्ये येत नाही ते काचेचं दुखणं, एवढं कळलं तरी अर्ध्या फेऱ्या वाचतात. तसंच व्हॉट्सअपवर आलेला फोटो ए४ वर काढला आणि धूसर आला म्हणून प्रिंटरला शिव्या देऊ नका, फोटो पाठवतानाच लहान होऊन आलेला असतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

रंगाचं मी फार करत नाही, पण पासपोर्ट फोटो काढते, ४ बाय ६ इंची एका कागदात ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ बसतात. एकदा भाचीचे काढले तर पोरगी हिरवी. आजारी दिसत होती अगदी. चेहरा हिरवट आला की मॅजेंटा, म्हणजे तो गुलाबी रंग, कमी पडतोय. लालसर-भगवा आला की निळा कमी, आणि निळाजांभळा आला की पिवळा कमी. नोझल चेक काढा, कळेलच. ग्लॉसी कागद असेल तर चकचकीत बाजूवर छापलं जातंय ना आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार फोटो पेपर निवडलाय ना हे दोन आधी बघा. साध्या कागदाचं सेटिंग ठेवून ग्लॉसीवर छापलं की शाईची डबकी होतात, बोट लागलं की पुसलं. काही प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (रंगाची बारीक पूड असलेली) असते आणि रंगीत डायची (विरघळलेल्या रंगाची), पिगमेंट साध्या कागदावर ठळक आणि पाण्याला टिकणारी, पण ग्लॉसीवर ती नीट धरत नाही, म्हणून फोटो पेपर निवडल्यावर ते प्रिंटर काळा रंग बाकीचे तीन मिसळून बनवतात. सेटिंग चुकलं की सगळंच चुकलं.

हलक्या प्रतीच्या, इकॉनॉमी मोडबद्दल एक. शाई वाचते हे खरं. पण मराठीत नऊच्या फॉन्टला अनुस्वार जातो. स्कॉलरशिपच्या मराठीत शुद्ध शब्द ओळखा म्हणून चार पर्याय असतात, एकदा बरोबर उत्तरावरचाच अनुस्वार इतका फिका आला की चारही पर्याय अशुद्ध झाले. पोरांची आई मला फोनवर विचारते, बाई तुमचं उत्तर चुकलंय का. तेव्हापासून पेपर नॉर्मल मोडवर आणि फॉन्ट अकरा, इकॉनॉमी फक्त माझ्या स्वतःच्या कामाला.

शाईचं पण एकदा करून बघितलं. कंपनीची काळी बाटली साधारण चारशेला, बाहेरची एकशे ऐंशीला. बाहेरची टाकली. पहिले दोन महिने काही फरक नाही, मी खूश, मग काळा रंग काळ्याऐवजी तपकिरीकडे झुकायला लागला आणि दर आठवड्याला एक क्लिनिंग लागायला लागलं. वाचलेले दोनशे वीस रुपये क्लिनिंगमध्ये ओतून झाले. सगळ्याच बाहेरच्या शाया वाईट असतील असं नाही, पण तुमच्या प्रिंटरची शाई डाय आहे का पिगमेंट हे माहीत नसताना कुठलीही टाकू नका, दोन्ही मिसळल्या तर आत गुठळ्या व्हायची भीती असते. आणि टाकी खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते. मी आता खालच्या रेघेच्या दोन बोटं वर असतानाच भरते.

हिशोब सांगते कारण लोक तोच विचारतात. पाचशे पानांची रीम २९० ला पडते म्हणजे पानाला ५८ पैसे. काळी बाटली कंपनी म्हणते साडेचार हजार पानं, मला मिळाली सरासरी तीन हजार, कारण क्लिनिंगमध्ये जाते आणि आपले पेपर गच्च भरलेले असतात. म्हणजे शाई १३ पैसे. एकूण ७१. बाहेर झेरॉक्स दोन रुपये. तीन वर्षांत पंधरा हजार पानं धरली तर १९ हजारांच्या वर वाचले, प्रिंटरचे १२,८०० वजा, दुरुस्तीचे बाराशे वजा, रंगीत बाटल्यांचा एक सेट वजा. हातात चार हजारांच्या आसपास. पण जास्त पानं असतील तर आमचा झेरॉक्सवाला दीड रुपयाने करून देतो, तो भाव धरला तर अजून पैसे वसूलच नाहीत. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.

पण रात्री साडेदहाला पेपर आठवतो आणि सकाळी सातला पोरं दारात, त्याचे पैसे कसे मोजायचे.

घ्यायचाच असेल तर हेडबद्दल दुकानात विचारा. एप्सन आणि ब्रदरच्या इंकजेटमध्ये पिझो हेड असतं, विजेने एक बारीक स्फटिक वाकतो आणि थेंब ढकलतो, शाई तापत नाही. एचपी आणि कॅननच्या घरगुती इंक टँकमध्ये थर्मल, शाई क्षणभर तापवून बुडबुडा करून थेंब उडवतात, त्यात शाई संपलेली असताना छापत राहिलं तर हेड जळू शकतं, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत हेड आपण घरी काढून नवं बसवू शकतो. कुठलं चांगलं यावर भांडत बसू नका, हेड घरी बदलता येतं का आणि कितीला पडतं एवढे दोन प्रश्न विचारा. आणि महिन्याला दहा-वीस पानं, कधीतरी आधारची प्रत, कधीतरी तिकीट, असं असेल तर इंकजेट घेऊच नका. काळा-पांढरा लेझर घ्या, टोनर म्हणजे कोरडी पावडर, सहा महिने पडून राहिला तरी सुकायला त्यात काही ओलं नसतंच. किंवा सरळ झेरॉक्सच्या दुकानात जा, तोही माणूसच आहे, त्यालाही धंदा होऊ दे.

प्रिंटरला साडेतीन स्टार. अर्धा पॅड बाहेरून बदलता येत नाही म्हणून कापला, एक हेडच्या किमतीसाठी.

सध्या मे चालू आहे आणि मी मिरजेला आहे. यावेळी निघताना अण्णांना काम लावून आलेय, दर रविवारी एक नोझल चेक आणि एक रंगीत पान काढायचं, म्हणजे शाई हलती राहते. त्यांनी वहीत तारखा टाकून पानं चिकटवलीत म्हणे. काल रात्री फोन आला, "पिवळं गेलं गं, एकही रेघ नाही." मी घाबरले. मग विचारलं, "अण्णा, कागद कुठे धरून बघताय?" तर ट्यूबलाईटखाली, चष्म्याशिवाय. पांढऱ्या कागदावर पिवळी रेघ कोणालाच धड दिसत नाही, त्यावर निळा पारदर्शक कागद धरायचा, मग ती काळपट दिसते. घरात निळा कागद कुठला, तर ते स्वयंपाकघरातून निळ्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण घेऊन आले. पाच मिनिटांनी परत फोन. सगळ्या रेघा आहेत, एक सोडून. क्लिनिंग मारू का म्हणाले. मी म्हटलं नको, रविवारपर्यंत थांबा.